हवेला कडी नसते

नवे ब्रॉडबँड कनेक्शन घेतले की नेटवाला मुलगा येतो, वायर आत ओढतो, राउटर टीव्हीच्या बाजूला टेकवतो आणि मोबाइलवर काहीतरी खटाखट करता करता विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू? तुमचा मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील.’ स्वयंपाकघरातून कुणीतरी ‘ठेवा’ म्हणते. सगळा व्यवहार पंधरा सेकंदांचा. घराच्या लॅचची किल्ली जर सोसायटीतल्या प्रत्येकाच्या खिशात असती, तर ती आपण एक दिवस चालवून घेतली नसती. मोबाइल नंबर मात्र दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांकडे असतो, आणि तरी तीच किल्ली आपण घरातल्या साऱ्या देवाणघेवाणीला लावतो. वायफायची सुरक्षितता म्हणजे महागडे यंत्र किंवा जाणकारांचे काम, असा आपला समज असतो. गेल्या पंचवीसएक वर्षांचा अनुभव वेगळेच सांगतो. हवेतून जाणारी माहिती झाकण्याचे गणित आज भक्कम आहे. वायफाय फुटल्याच्या मोठ्या घटना पाहिल्या, तर बहुतेक वेळा घात केला तो कुणीतरी सोयीसाठी मोकळ्या ठेवलेल्या फटीने. ती फट कधी रचनाकाराने ठेवली, कधी कंपनीने, आणि आज बहुधा ती आपणच ठेवतो.

आधी हवेचा स्वभाव समजून घेऊ. तारेतून जाणारी माहिती चोरायची तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. दार, जिना आणि वॉचमन हे सगळे तिच्यावर आपसूक पहारा देत असतात. वायफायला हा पहारा नाही. राउटर आजूबाजूच्या सगळ्या हवेत बोलतो. ज्या फोनचे नाव पुकारले त्याने ऐकायचे, बाकीच्यांनी कानाआड करायचे, एवढाच काय तो शिष्टाचार, आणि तो न पाळणाऱ्याला अडवायला कुणी नसते. विटांची भिंत रेडिओलहरींना क्षीण करते, थांबवत नाही. एप्रिल २०१८मध्ये हेग शहरात रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या मुख्यालयाशेजारच्या हॉटेलच्या वाहनतळावर एक भाड्याची सित्रोएन उभी होती. तिच्या मागच्या भागात वायफाय टिपणारी सामग्री होती आणि अँटेनावर कोट पसरून टाकलेला होता. डच अधिकाऱ्यांनी रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या चौघांना तिथून थेट देशाबाहेर धाडले आणि ऑक्टोबरमध्ये छायाचित्रांसह सारे प्रकरण जगापुढे मांडले. पहाऱ्यातल्या त्या इमारतीत पाऊल टाकण्याची त्यांना गरजच नव्हती. शेजारचा वाहनतळ पुरेसा होता. हवेतली चिठ्ठी कुणाच्याही हाती पडणार, हे धरूनच चालावे लागते. ती त्याला वाचता येऊ नये, एवढेच आपल्या हाती उरते. म्हणून वायफायचा पासवर्ड म्हणजे नुसता आत येण्याचा पास नाही. मजकूर ज्या किल्लीने कूटात बदलायचा, ती किल्लीच त्यातून घडते.

हे कूट रचण्याचा पहिला प्रयत्न फसला, आणि कसा फसला ते पाहण्यासारखे आहे. १९९७ साली वायफायचे पहिले मानक आले तेव्हा त्यात ‘वेप’ ही पद्धत होती. नावाचा अर्थ ‘तारेइतकी खासगी’. माहितीच्या प्रत्येक पुडक्याला वेगळे आवरण मिळावे म्हणून वेप मूळ किल्लीला दर वेळी एक नवा आकडा जोडत असे. पण त्या आकड्यासाठी जागा ठेवली होती फक्त २४ बिटांची, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख वेगवेगळे आकडे. ऐकायला ही संख्या मोठी वाटते, पण गजबजलेल्या जाळ्यात, त्या काळच्या वेगानेसुद्धा, ती पाचएक तासांत संपते आणि जुनेच आकडे पुन्हा येऊ लागतात. एकच आवरण घातलेली दोन पुडकी हाती लागली की ती एकमेकांवर ठेवून आवरण उतरवता येते. बर्कलीच्या संशोधकांनी २००१ साली हे दाखवून दिले. त्याच वर्षी फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी वेप ज्या ‘आरसी४’ कूटपद्धतीवर उभी होती, तिच्यातली आणखी खोल चीर उघड केली. २००७मध्ये जर्मनीच्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या तिघांनी वेपची लांब किल्लीही मिनिटभराच्या आत काढून दाखवली. किल्ली लांब केल्याने काही साधले नाही, कारण दोष लांबीत नव्हता, ती वापरण्याच्या रीतीत होता. आणि ती रीत तशी ठेवली गेली त्यामागे सोय होती: त्या काळच्या स्वस्त चिपांना झेपेल आणि कूटविद्येच्या निर्यातीवर असलेल्या अमेरिकी बंधनांत बसेल, एवढेच बेतलेले काम.

रचनाकारांची चूक दुरुस्त झाली तरी ती दुरुस्ती घरोघर आणि दुकानोदुकानी पोहोचावी लागते. टीजेएक्स या अमेरिकेतल्या कपड्यांच्या मोठ्या दुकान-साखळीने या विलंबाची किंमत मोजली. वेप फुटल्याचे २००१पासून जाहीर होते आणि तिच्या जागी आलेली ‘डब्ल्यूपीए’ पद्धत २००३पासून मिळत होती. तरी २००५मध्ये या कंपनीच्या दुकानांतले वायफाय वेपवरच चालू होते. चोर त्यातून आत शिरले आणि पुढे कंपनीच्या मुख्य संगणकांपर्यंत पोहोचले. जानेवारी २००७मध्ये प्रकरण जाहीर झाले. कंपनीनेच दिलेल्या आकड्यानुसार ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली होती. टोळीचा म्होरक्या अल्बर्ट गोन्झालेस याला २०१०मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. कॅनडाच्या खासगीपणा आयुक्तांनी चौकशी करून कंपनीवर दोन ठपके ठेवले. जुने कूट बदलायला उशीर केला, हा एक. दुसरा अधिक बोलका आहे: माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकांचे वाहन परवान्यांचे क्रमांकसुद्धा कंपनीने घेतले होते आणि गरज संपल्यावरही साठवून ठेवले होते. चोरांना वायफायने फक्त उंबरठा ओलांडू दिला. लुटीचा आकार ठरवला तो आत भरून ठेवलेल्या कणगीने. जी माहिती साठवलीच नाही, ती कुणाला चोरता येत नाही.

२००४मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आली आणि गणिताचा प्रश्न बव्हंशी मिटला. तिच्यातली ‘एईएस’ ही कूटपद्धत बँका आणि सरकारे वापरतात तीच आहे, आणि ती सरळ फोडल्याचे उदाहरण जगापुढे आलेले नाही. मग चोराने जायचे कुठून? तर पासवर्डातून. फोन जाळ्याला जोडला जाताना पासवर्ड हवेतून पाठवला जात नाही. फोन आणि राउटर दोघेही पासवर्ड आणि जाळ्याचे नाव एकत्र करून तेच गणित ४,०९६ वेळा घुसळतात आणि त्यातून निघालेली किल्ली आपल्याकडे आहे हे चार निरोपांत एकमेकांना पटवतात. बाहेर गाडीत बसलेला माणूस हे निरोप टिपून घरी घेऊन जाऊ शकतो. घरी बसून तो एकेक पासवर्ड कल्पून तेच गणित करून पाहतो. उत्तर टिपलेल्या निरोपाशी जुळले की किल्ली सापडली. या खेळात आपला राउटर त्याच्यासमोर नसतो, त्यामुळे हजारदा चुकले तरी त्याला अडवणारे कुणी नाही आणि आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. राउटरचे रक्षण करायला तेव्हा एकच गोष्ट उरते: पासवर्ड सुचायला किती कठीण आहे.

तो किती सोपा असतो, हे २०२१ साली इस्रायलमध्ये दिसले. इडो हूरविच या संशोधकाने तेल अविव शहरात फिरून ५,००० वायफाय जाळ्यांचे ठसे गोळा केले. त्याला चारही निरोपांची वाट पाहावी लागली नाही. बरेच राउटर पहिल्याच निरोपात पडताळ्याचा जो आकडा देऊन टाकतात, तेवढा त्याला पुरला. त्या ५,०००पैकी ७० टक्क्यांहून अधिक जाळ्यांचे पासवर्ड त्याने काढले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा मोबाइल नंबरांचा होता. इस्रायलचे मोबाइल नंबर ०५ने सुरू होतात, पुढे आठ आकडे. म्हणजे शक्यता १० कोटी, आणि त्या सगळ्या तपासायला त्याच्या साध्या लॅपटॉपला लागली जेमतेम नऊ मिनिटे. आता आपला हिशेब करू. भारतीय नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९ यांपैकी. म्हणजे शक्यता ४०० कोटी, इस्रायलच्या चाळीसपट. नऊ मिनिटांची चाळीसपट म्हणजे सहा तास. रात्री जेवून लॅपटॉप लावून ठेवला तर सकाळच्या चहाआधी काम झालेले असेल. आणि हे झाले अनोळखी चोराचे. शेजारच्याला तर एवढीही वाट पाहायला नको. नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेच.

सोयीने घात केल्याचा आणखी एक नमुना राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला असतो. राउटर उलटा केला तर स्टिकरवर ‘डब्ल्यूपीएस पिन’ म्हणून आठ आकडे दिसतात. लांब पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून हे आठ आकडे टाकले की राउटरने खरा पासवर्ड स्वतःच सांगावा, अशी ही युक्ती. आठ आकड्यांच्या शक्यता १० कोटी होतात. पण शेवटचा आकडा नुसत्या पडताळ्याचा, आणि राउटर पहिल्या चार आकड्यांचा निकाल वेगळा सांगतो. श्टेफान फीबॉक याने डिसेंबर २०११मध्ये दाखवले की त्यामुळे १० कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात, म्हणजे काही तासांचे काम. पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नाही; पुढच्या दाराला भरभक्कम टाळे आणि मोरीच्या दाराला दोरी, असा हा प्रकार. नंतर अनेक कंपन्यांनी चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घातली, पण ही सोय बंद करून टाकणे हाच खात्रीचा उपाय आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ याचे उत्तर महाराष्ट्राने २००८ साली पाहिले आहे. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणा त्याचा माग काढत नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचली. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वायफाय उघडे होते आणि ईमेल पाठवणाऱ्यांनी ते वापरले होते. त्या माणसाचा कटाशी संबंध नव्हता, पण चौकशी त्याच्याच वाट्याला आली. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरमधल्या एका कार्यालयाच्या वायफायवरून गेले. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी जाळी हुडकायची मोहीम काढली आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाने वायफायबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. इंटरनेटवर आपल्या घराची जी ओळख दिसते ती राउटरची असते, तो वापरणाऱ्या माणसाची नसते. चोराला आपल्या फोटोंत रस नसेलही, पण आपले नाव त्याच्या कामाचे असते.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार आहे आणि त्यात बरेच तथ्यही आहे. तो म्हणतो की आता वेबसाइटी आणि ॲप स्वतःच माहिती कूटबद्ध करून पाठवतात, मग हवेतल्या कूटाची एवढी मातब्बरी कशाला? २०१०मध्ये एरिक बटलरने ‘फायरशीप’ नावाची ब्राउझरला लावायची छोटीशी जोडणी फुकट वाटली आणि कॅफेतल्या उघड्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्याचे फेसबुक एका क्लिकने आपल्या पडद्यावर उघडता येते, हे साऱ्या जगाला दिसले. त्या धक्क्यानंतर मोठ्या साइटी ‘एचटीटीपीएस’कडे वळल्या. २०१५पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने त्यासाठीची प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१८पासून क्रोम ब्राउझर कूट नसलेल्या साइटीवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. त्यामुळे जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेल्या रेल्वे स्थानकांवरच्या मोफत वायफायवर बँकेचे ॲप उघडले की खाते साफ, हा धाक आता जुना झाला, हे मान्य करायला हवे. कॅफेच्या भिंतीवर लिहिलेल्या पासवर्डबद्दलही हेच लागू पडते. डब्ल्यूपीए-२मध्ये तो पासवर्ड ठाऊक असलेला माणूस आपले चार निरोप टिपून आपले हवेतले बोलणे उलगडू शकतो. तिथे आपल्याला वाचवते ते साइटीचेच कूट.

पण एचटीटीपीएस वाटेवरचा पहारेकरी आहे. समोरच्या साइटीपर्यंत मजकूर झाकून नेणे हे त्याचे काम. ती साइट भल्याची आहे की भामट्याची, हे तो सांगत नाही. २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी एका माणसावर आरोप ठेवले. विमानतळांवर आणि देशांतर्गत विमानांत तो खऱ्यासारख्या नावाचे खोटे वायफाय उभारत असे. जोडले जाणाऱ्याला एक पान दिसे आणि त्यात ईमेलचा किंवा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागितला जाई. कूट फोडायची गरजच नाही, लोक स्वतःच लिहून देत होते. राउटरच फितूर झाला तर आणखी पंचाईत. ब्राझीलमध्ये २०११-१२च्या सुमारास मोडेमच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाचा फायदा घेऊन चोरांनी सुमारे ४५ लाख मोडेमांचा पत्ता-शोधक बदलून टाकला. लोक साइटीचे खरे नाव टाइप करत आणि पोहोचत खोट्या पानावर. शिवाय घरातला सीसीटीव्ही कॅमेरा, प्रिंटर आणि टीव्ही ही मंडळी घरच्या जाळ्यातल्या प्रत्येकाला घरचाच समजतात. त्यांना एचटीटीपीएसचे कवच असेलच असे नाही.

तिसरा आक्षेप एका थोर जाणकाराचा आहे. ब्रूस श्नायर हे कूटविद्येतले मोठे नाव. त्यांनी २००८ साली लिहिले की आपण घरचे वायफाय मुद्दाम उघडे ठेवतो; पाहुण्याला चहा विचारावा तसे इंटरनेट द्यावे, आणि जाळ्यावर विश्वास ठेवण्याऐवजी आपले संगणकच पक्के करावेत. यातला दुसरा भाग सोळा आणे खरा आहे. पण श्नायर यांना आपले संगणक पक्के करता येतात. आपल्या घरातला स्वस्त कॅमेरा आणि दोन वर्षांत कंपनीने वाऱ्यावर सोडलेला टीव्ही पक्का करायला कुणी बसलेले नाही. आणि पाहुणचारासाठी दार सताड उघडे टाकावे लागते असेही नाही. बहुतेक नव्या राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ असते: पाहुण्याला इंटरनेट मिळते, घरातल्या कपाटांपर्यंत हात पोहोचत नाही. सरकारच्या २०२०च्या ‘पीएम-वाणी’ योजनेतही किराणा दुकानदाराने वायफाय द्यावे अशी कल्पना आहे, पण वापरणाऱ्याची ओळख पटवूनच. वाटून घेणे आणि मोकाट सोडणे यांत फरक आहे.

राहता राहिला सर्वांत सुखावह युक्तिवाद: नवा राउटर आणला की काम झाले. २०१८च्या ‘डब्ल्यूपीए-३’ने सुधारणा मोलाची केली आहे. तिच्यात टिपलेला निरोप घरी नेऊन पासवर्ड ताडत बसता येत नाही; प्रत्येक अंदाजासाठी राउटरच्या समोर यावे लागते. पण पुढच्याच वर्षी माथी वानहूफ आणि एयाल रोनेन यांनी तिच्यातही फटी दाखवल्या. याच वानहूफ यांनी २०१७मध्ये डब्ल्यूपीए-२च्या निरोपांच्या देवाणघेवाणीतला ‘क्रॅक’ नावाचा दोष उघड केला होता. तेव्हा पासवर्ड बदलून काही होणार नव्हते. फोन आणि राउटर यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हाच इलाज होता. ज्या राउटरांना कंपनीने पुढे काही पाठवलेच नाही, ते तसेच राहिले. वायफायची सुरक्षितता एकदा विकत घेऊन संपत नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी जशी वेळच्या वेळी धुवावी लागते, तसेच हे.

ही निगा अवघड नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-३ असेल तर ती, नाहीतर डब्ल्यूपीए-२ एईएससह निवडावी. डब्ल्यूपीएस बंद करावे. सेटिंग उघडायचा ‘ॲडमिन’ हा जन्मजात पासवर्ड बदलावा, कारण तो जगाला ठाऊक असतो. टीव्ही, कॅमेरा आणि पाहुणे यांना गेस्ट नेटवर्कवर बसवावे. जाळ्याच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नये. चोराला पत्ता कशाला सांगायचा? नाव लपवणे किंवा ठरावीक फोनांनाच प्रवेश देणे या दोन लोकप्रिय युक्त्यांवर मात्र विसंबू नये, कारण जाळ्याचे नाव आणि फोनच्या वायफायचा ओळख-क्रमांक दोन्ही हवेत उघडेच फिरत असतात. पासवर्ड म्हणून कुलदैवताचे नाव आणि १२३ हेही मोबाइल नंबराच्याच जातीचे. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्यावेत, पडवळ, टांगा, आषाढ, खलबत्ता, वकील असे काहीही, आणि रोमन अक्षरांत सलग लिहावेत. शब्द मनाने न निवडता ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून काढले, तर तेल अविवच्या त्याच लॅपटॉपला सगळ्या शक्यता तपासायला ४५ लाखांहून अधिक वर्षे लागतील. मोबाइल नंबराला लागत होते सहा तास.

एवढा फरक पाडायला कष्ट किती? पासवर्ड फोनमध्ये एकदा टाकला की फोन तो लक्षात ठेवतो. आपण तो रोज टाइप करत नाही. म्हणजे ‘लक्षात राहील’ या कारणासाठी आपण जी सोय विकत घेतो, ती वर्षातून दोनचारदा, नवे उपकरण जोडतानाच काय ती कामी येते. पुढच्या खेपेला नेटवाला मुलगा ‘पासवर्ड काय ठेवू?’ म्हणून विचारेल, तेव्हा त्याला चहा द्यावा, कागदावर पाच शब्द लिहावेत, ते आपल्या हाताने राउटरमध्ये टाकावेत आणि कागद कपाटात ठेवावा. कागदावरचा पासवर्ड वाचायला चोराला घरात यावे लागते, आणि तिथे आपला वॉचमन, जिना आणि दाराची कडी पहाऱ्याला आहेतच.